एक्सएलडीवर साल्मोनेलाचं काळं केंद्र कधी येतं, कधी येत नाही: दोष शोधायचा कुठे?

"कंट्रोल लावला, वाढ भरपूर आली, कॉलन्या गुलाबी आहेत, पण मधे काळं येत नाही. मागच्या महिन्यात तर येत होतं." दूध पावडर, पनीर, मसाले तपासणाऱ्या प्रयोगशाळांमधून ही तक्रार सतत कानावर येते. साल्मोनेला हा अन्नातून आजार पसरवणारा जीवाणू; एक्सएलडी (झायलोज-लायसिन-डीऑक्सीकोलेट) हा तो ओळखायचा आगर मीडिया, म्हणजे जीवाणू वाढवायचं माध्यम; आणि कंट्रोल म्हणजे माध्यम तपासायला मुद्दाम लावलेला ओळखीचा जीवाणू. बहुतेक ठिकाणी त्यावर उपायही एकच असतो: मीडियाच्या पावडरीची ती बाटली बाजूला ठेवायची, नवी फोडायची, नव्या प्लेट ओतायच्या. काळं आलं की विषय मिटला. मग काही आठवड्यांनी तेच पुन्हा सुरू. बाटली बदलली तेव्हा पाणीही दुसऱ्या दिवसाचं होतं, मीडिया उकळणारा माणूस दुसरा होता, प्लेटवर कल्चर ओढणारा (स्ट्रीक करणारा) हात दुसरा होता. यांपैकी नेमकं कशामुळे जमलं ते कोणी पाहिलेलंच नसतं, म्हणून दोष जागच्या जागी राहतो.

या लेखात मी एक्सएलडीपुरतंच बोलते. आयएसओ ६५७९-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साल्मोनेला शोधताना दुसरी प्लेट आपल्या पसंतीची घेता येते, पहिली मात्र एक्सएलडीच लागते. ती डळमळली की सगळी तपासणी डळमळते.

सगळ्यात आधी निकाल थांबवा

दोष शोधण्याआधी एक काम करायचं. त्या लॉटच्या (एकदाच बनवलेल्या मीडियाच्या) प्लेटवर वाचलेले "२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित" हे सगळे निकाल बाजूला काढायचे. ज्या प्लेटवर माहितीतला साल्मोनेला ओळखू आला नाही, तिच्यावर नमुन्यातला ओळखू आला असता असं कशाच्या जोरावर म्हणणार? त्या लॉटवर सापडलेला आणि पुढे जैवरासायनिक व सिरम चाचणीने पक्का झालेला पॉझिटिव्ह मात्र तसाच उभा राहतो; नकारार्थी निकालांचा आधार गेलेला असतो. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ मानकाच्या ७.१० कलमात अशा कामाची नोंद, परिणामांचा विचार आणि गरज पडल्यास ग्राहकाला कळवणं हे सगळं आलं आहे. राखून ठेवलेला नमुना शिल्लक असेल तर तो पुन्हा लावा. "वाढ तर आली होती ना" म्हणून रिपोर्ट सोडून देणं मला मान्य नाही. लहान मुलांच्या पोटात जाणाऱ्या पावडरीचा तो रिपोर्ट असतो.

काळं येतं कसं

हे नीट समजलं की अर्धा दोष प्लेटकडे बघूनच सापडतो. साल्मोनेला वाढू लागला की आधी झायलोज ही साखर वापरतो. आम्ल तयार होतं आणि फिनॉल रेड या रंगदर्शकामुळे कॉलनीभोवती पिवळं दिसू लागतं. झायलोज लिटरमागे ३.७५ ग्रॅमच असतं, ते लवकर संपतं. मग जीवाणू लायसिन या अमिनो आम्लाकडे वळतो, त्यातून कॅडावरीन तयार होतं, माध्यम अल्कधर्मी होतं आणि रंग परत लालकडे येतो. या अल्कधर्मी स्थितीत थायोसल्फेटपासून तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड फेरिक अमोनियम सायट्रेटमधल्या लोहाशी जुळतो आणि कॉलनीच्या मध्यभागी काळा लोह सल्फाइड साचतो. ई. कोलायही लायसिन फोडू शकतो, पण त्याला लॅक्टोज पचतं. त्या आम्लाचा जोर इतका असतो की रंग परतत नाही, म्हणून तो पिवळाच राहतो.

थोडक्यात काळं हे शेवटचं पाऊल. आधीचं कुठलंही पाऊल अडलं तरी तक्रार तीच येणार, "काळं येत नाही". म्हणून रजिस्टरमध्ये नुसतं "टिपिकल नाही" असं लिहू नका. कॉलनी कोणत्या रंगाची, केवढी, किती तासांनी पाहिली, हे लिहा. निम्मं निदान त्यातच असतं.

कॉलनी चांगली मोठी आणि गुलाबी-लाल असेल, फक्त काळं नसेल, तर साखर आणि लायसिनपर्यंतचा प्रवास ठीक झाला आहे. मग शंका तीन: प्लेट लवकर वाचली, लोह-थायोसल्फेटचा भाग बिघडला, किंवा कंट्रोलचा स्ट्रेनच (जीवाणूचा वाणच) हायड्रोजन सल्फाइड देत नाही. पहिली शंका सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळा खरी ठरणारी. संध्याकाळी साडेपाचला कंट्रोल लावून सकाळी साडेदहाला प्लेट काढली तर सतराच तास झालेले असतात. पद्धत ३४ ते ३८ अंशांना २४ तास सांगते, तीन तास अलीकडे-पलीकडे. ती प्लेट परत आत ठेवा आणि दुपारनंतर बघा.

कॉलनी पिवळी असेल तर आम्ल परतलेलंच नाही. कंट्रोलच्या नळीत दुसरा जीवाणू शिरला आहे का, स्ट्रीक इतकी दाट आहे का की कॉलन्या सुट्याच पडलेल्या नाहीत, मीडियाचा पीएच मुळातच खाली होता का, हे बघायचं. कॉलन्या बारीक, मोजक्या किंवा नाहीतच, तर मीडिया साल्मोनेलालाही दाबण्याइतका कडक झाला आहे: पाणी उडून घट्ट झालेला, प्लेट पातळ ओतून वाळलेली, किंवा डीऑक्सीकोलेट (इतर जीवाणूंना दाबणारा पित्तक्षार) जास्त. आणि साल्मोनेला नीट आला, पण एंटेरोकोकस फीकॅलिस हा दबायला हवा असलेला जीवाणूही खुशाल वाढला, तर मीडियाची निवडशक्ती (नको ते जीवाणू दाबण्याची ताकद) गेली आहे. हा चौथा प्रकार कोणी तक्रार म्हणून सांगत नाही, कारण काळं दिसतं आणि सगळे खूश असतात. माझ्या मते धोका यातच सर्वांत मोठा आहे. नमुन्यातल्या इतर जीवाणूंच्या गर्दीत दोन-चार साल्मोनेला कॉलन्या दिसणारच नाहीत.

स्ट्रेनचा दोष की मीडियाचा, हे आधी वेगळं करा

त्याच कल्चरमधून टीएसआय (ट्रिपल शुगर आयर्न) आगरची एक स्लँट (तिरप्या आगरची नळी) आणि लायसिन आयर्न आगरची एक स्लँट लावा. टीएसआयच्या तळाशी काळं आलं, वरचा उतार लाल राहिला आणि लायसिन आयर्न आगरचा तळ जांभळाच राहिला, तर हायड्रोजन सल्फाइड देण्याची आणि लायसिन फोडण्याची अशा दोन्ही शक्ती स्ट्रेनकडे शाबूत आहेत. मग मीडियाकडे वळा. सोबत जुन्या, पास झालेल्या लॉटच्या प्लेट शिल्लक असतील तर एकाच सस्पेन्शनमधून जुनी आणि नवी प्लेट शेजारी शेजारी लावा. एवढ्याने एका दिवसात प्रश्न निम्मा होतो, आणि तरीही बहुतेक जण हे करण्याआधी खरेदी विभागाला पत्र लिहून मोकळे होतात.

स्ट्रेनच बिघडला असेल तर कारण बहुधा एकच: फ्रिजमधल्या स्लँटवरून स्लँट, त्यावरून पुन्हा स्लँट. मूळ कल्चरपासून पाच पॅसेजच्या (एकावरून दुसरं वाढवण्याच्या पायऱ्यांच्या) पुढे जायचं नाही. मूळ कल्चर आलं की एकदाच वाढवून उणे ७० अंशांना मणी किंवा ग्लिसरॉलमध्ये भरपूर कुप्या करून ठेवा. कामाचं कल्चर दर वेळी त्यातून काढा, आणि कामाच्या कल्चरवरून नवा साठा कधीही करू नका. मीडियाच्या तपासणीचं मानक आयएसओ १११३३ च्या तक्त्यात एक्सएलडीसाठी साल्मोनेला टायफिम्युरियम डब्ल्यूडीसीएम (संदर्भ कल्चरचा जागतिक क्रमांक) ०००३१ आणि एंटेरिटिडिस डब्ल्यूडीसीएम ०००३० दिले आहेत. चंदीगडचं एमटीसीसी असो वा दुसरं कुठलं कल्चर कलेक्शन, मागवताना डब्ल्यूडीसीएम क्रमांकाशी नातं कागदावर मिळतं का ते विचारा.

उकळणं: सगळ्यात जास्त प्लेट इथे बिघडतात

एक्सएलडी ऑटोक्लेव्ह करायचा नसतो. हे सगळ्यांना पाठ असतं, पण जास्त उकळणंही तितकंच वाईट, हे अंगी मुरलेलं नसतं. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये पावडर टाकून हॉट प्लेटवर ठेवायची आणि दुसऱ्या कामाला जायचं, हे चित्र कुठल्याही प्रयोगशाळेत दिसेल. मोठा फ्लास्क उकळीला यायला वेळ घेतो आणि निवायलाही वेळ घेतो. तळाशी बसलेली पावडर करपते, वरची अजून भिजतच असते. इतक्या उष्णतेने डीऑक्सीकोलेटचा साका होतो, साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळून रंग गडद होतो, पीएच खाली येतो. मग मीडिया लाल-पारदर्शक न दिसता गढूळ किंवा केशरीकडे झुकलेला दिसतो. अशी प्लेट कॉलनी देते, पण काळं फिकट किंवा उशिरा येतं.

करायचं असं. एका लिटरच्या फ्लास्कमध्ये ५०० मिलिलिटरच बनवा. पावडर थंड पाण्यात टाकून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. मग सतत हलवत तापवा, उकळी फुटली आणि आगर पूर्ण विरघळला की त्याच क्षणी खाली उतरवा. लगेच ४७ ते ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, आणि बाथचं पाणी फ्लास्कमधल्या मीडियाच्या पातळीइतकं वर आहे ना ते पाहा. चार तासांच्या आत ओतून संपवा. उरलेला गोठलेला मीडिया उद्या पुन्हा वितळवायचा नाही. एक्सएलडीच्या बाबतीत यात काटकसर करायला जागाच नाही. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये १८ ते २० मिलिलिटर, म्हणजे निदान तीन मिलिमीटर जाडी. एका बाटलीत जास्त प्लेट काढायच्या म्हणून बारा-तेरा मिलिलिटर ओतणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. त्यांच्या तक्रारींतला मोठा हिस्सा इथूनच येतो.

पीएच गरम मीडियात मोजू नका. थोडा मीडिया गोठू द्या, २५ अंशांवर येऊ द्या आणि सपाट टोकाच्या इलेक्ट्रोडने मोजा. तो नसेल तर आगर चुरून मोजा. ७.४ ला ०.२ ची मुभा आहे. खाली गेला तर अल्कली टाकून आकडा सुधारायचा मोह होतो. आकडा सुधारेल, करपलेली साखर आणि साकळलेलं डीऑक्सीकोलेट सुधारणार नाही. तो लॉट फेका.

एकाच नावाची दोन सूत्रं

हा मुद्दा पुष्कळ जणांना ठाऊक नसतो. एक्सएलडी या एकाच नावाखाली बाजारात डीऑक्सीकोलेटची दोन प्रमाणं मिळतात. जुन्या, औषधकोशात चालत आलेल्या सूत्रात ते लिटरमागे २.५ ग्रॅम असतं, आयएसओ ६५७९ च्या सूत्रात १ ग्रॅम. तंदुरुस्त कंट्रोल स्ट्रेन दोन्हींवर वाढतो, त्यामुळे कंट्रोलच्या प्लेटवर फरक चटकन कळत नाही. नमुन्यात थोड्या आणि दुबळ्या पेशी असतात तेव्हा तो महाग पडतो. खरेदीच्या मागणीत नुसतं "एक्सएलडी ५०० ग्रॅम" लिहिलं की स्वस्त पडेल ते येतं, आणि मग एका बाटलीवर कॉलन्या मोठ्या, पुढच्या बाटलीवर बारीक. मागणीत सूत्र लिहा, बाटली आल्यावर तिच्यासोबतचं घटकपत्र वाचा, आणि लिटरला किती ग्रॅम घ्यायचे तेही त्या बाटलीवरचंच पाळा. ते कंपनीगणिक बदलतं. भिंतीवर चिकटवलेला जुना तक्ता काढून टाका.

दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात

तक्रारींच्या तारखा एका कागदावर मांडून बघा, ऋतूंचा हात दिसतो का ते. उन्हाळ्यात आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअर किंवा टँकरचं पाणी सुरू होतं, क्षार वाढतात, आरओ आणि रेझिनवरचा ताण वाढतो. मीडियासाठीच्या पाण्याची विद्युतवाहकता २५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत हवी, ५ च्या आत असेल तर उत्तम. हे रोज सकाळी मोजायला मिनिटभर लागतं. महिन्यातून एकदा बाहेरून रिपोर्ट करून आणणं इथे कामाचं नाही.

पावसाळ्यात मार पावडरीवर बसतो. कोकणात किंवा कोल्हापूर-साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यात जुलैमध्ये उघडी राहिलेली बाटली ओल धरते, गुठळ्या होतात. वजनात पाणीही मोजलं जातं, म्हणजे मीडिया पातळ होतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, डेसिकेटरमध्ये ठेवा, आणि पावसाळ्यासाठी ५०० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅमच्या बाटल्या घ्या. जास्त पैसे जातात, खरं आहे. गुठळ्या झालेली पावडर कुटून वापरू नका.

याच ओलाव्याने आरव्हीएसचं (प्लेटआधी नमुन्यातला साल्मोनेला वाढवायच्या निवडक द्रव मीडियाचं) मॅग्नेशियम क्लोराइडही पाणी सोडतं. सुटे घटक घेऊन आरव्हीएस बनवत असाल तर मॅग्नेशियम क्लोराइडची नवी बाटली फोडून सगळीच्या सगळी एकदम द्रावण करून ठेवा. आणि आरव्हीएस ११५ अंशांना ऑटोक्लेव्ह होतो, १२१ ला नाही.

जाड स्ट्रीक खोटं सांगते

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट कोणी उचलायची तर ही उचलावी असं मला वाटतं. बहुतेक प्रयोगशाळांत कंट्रोल म्हणजे स्लँटवरून लूपभर कल्चर घ्यायचं आणि प्लेटवर ओढायचं. त्या लूपमध्ये कोट्यवधी पेशी असतात. इतक्या पेशी टाकल्या तर अर्धामेला मीडियाही वाढ दाखवतो. म्हणून मीडिया हळूहळू खालावत असतो तेव्हा कंट्रोल महिनोन्महिने पास होत राहतो, आणि एक दिवस अचानक नापास. प्रत्यक्षात तो अचानक बिघडलेला नसतो.

आयएसओ १११३३ प्रमाणे एक्सएलडीवर साल्मोनेलाच्या १,००० ते १०,००० पेशीच स्ट्रीक करायच्या असतात. ते अवघड नाही. मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाने ०.५ इतकं गढूळ सस्पेन्शन करा, त्यात मिलिलिटरला साधारण पंधरा कोटी पेशी असतात. ते हजारपट पातळ केलं की मिलिलिटरला दीड लाख. त्यातला १० मायक्रोलिटरचा लूप म्हणजे सुमारे दीड हजार पेशी. हेच सस्पेन्शन आणखी शंभरपट पातळ करून ०.१ मिलिलिटर टीएसए या साध्या, न निवडणाऱ्या आगरवर पसरवा. दीडशेच्या आसपास कॉलन्या आल्या की तुमचा अंदाज बरोबर होता. हा आकडा प्रत्येक वेळी लिहून ठेवा. त्याशिवाय "वाढ चांगली" या शेऱ्याला अर्थ नाही.

सोबत दोन प्लेट आणखी: ई. कोलाय आणि एंटेरोकोकस फीकॅलिस, दहा हजार ते दहा लाख पेशी. ई. कोलाय दबलेला किंवा पिवळा यावा, एंटेरोकोकस अजिबात येऊ नये. साल्मोनेलाच्या प्लेटला भरपूर वाढ, सुट्या कॉलन्या, काळं केंद्र. तिन्ही मिळून लॉट पास. नुसती साल्मोनेलाची प्लेट पाहून सही करू नका. इन्क्युबेटरमध्ये प्लेटची चळत सहाच्या वर नको, मधल्या प्लेट उशिरा तापतात.

प्लेट चांगली, पण नमुन्यात घातलेला साल्मोनेला हरवतो

असं झालं तर एक्सएलडीला दोष देऊ नका, मागे जा. आरव्हीएसचं तापमान ४१.५ अंश, एका अंशाची मुभा. वॉटर बाथ ४३ दाखवत असेल तर साल्मोनेलाच दबतो. १० मिलिलिटर आरव्हीएसमध्ये पूर्वसंवर्धनाचा (पहिल्या वाढीचा) द्रव ०.१ मिलिलिटरच जातो. दहापट टाकला तर निवडशक्ती पातळ होते. दूध पावडर बफर्ड पेप्टोन वॉटर या त्या पहिल्या द्रवावर हलक्या हाताने भुरभुरायची आणि न ढवळता भिजू द्यायची, नाहीतर कोरड्या, दुखावलेल्या पेशी पाणी एकदम शिरून मरतात.

मसाल्यांचं वेगळंच आहे. कांदा-लसूण मसाल्यात साल्मोनेला मुद्दाम घालूनही सापडत नाही, कारण कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यंच त्याला दाबतात. पूर्वसंवर्धनाच्या द्रवात ०.५ टक्के पोटॅशियम सल्फाइट घातलं की ती द्रव्यं निष्प्रभ होतात. लवंग तर इतकी तिखट की एकास हजार पातळ केल्याशिवाय भागत नाही.

दुसरी प्लेट

एक्सएलडी अगदी निर्दोष असली तरी एक साल्मोनेला तिच्यावर गुलाबी दिसणारच नाही: लॅक्टोज पचवणारा. १९९४ मध्ये स्पेनमध्ये बाळांच्या दूध पावडरीतून जो उद्रेक झाला, त्यातला साल्मोनेला विरचाव असाच होता. एक्सएलडीवर असा जीवाणू ई. कोलायसारखा पिवळा दिसतो आणि वाचणारा पुढे सरकतो. म्हणून दुसरी प्लेट लॅक्टोजवर अवलंबून नसलेली घ्या. एसएस किंवा मॅककॉन्की घेतलीत तर तोच आंधळेपणा दोनदा विकत घेतला. बिस्मथ सल्फाइट आगर किंवा एखादा क्रोमोजेनिक आगर चालेल, आणि त्याचीही लॉटची तपासणी एक्सएलडीइतकीच काटेकोर करा. दूध पावडर तपासणाऱ्यांनी जमल्यास एक लॅक्टोज पचवणारा साल्मोनेला स्ट्रेन खास या प्लेटसाठी ठेवावा.

बिस्मथ सल्फाइटचं एक पथ्य आहे. प्लेट आदल्या दिवशी ओतायच्या, अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवायच्या. ४८ तासांनंतर त्यांची निवडशक्ती जाते. शुक्रवारी ओतून सोमवारी वापरायची सवय असेल, तर सोमवारी स्ट्रीक व्हायचे नमुने मंगळवारी स्ट्रीक होतील असं वेळापत्रक लावा आणि प्लेट सोमवारी ओता.